क्लोतीलची गाडी गोठली त्याची गोष्ट

अंगणातला पोहण्याचा तलाव हिवाळ्यासाठी बंद करायला काय लागतं? पाणी थोडं उतरवायचं, नळ्यांमधलं पाणी हवेने फुंकून काढायचं, तोंडांना बुचं मारायची आणि वर ताडपत्री ओढायची. झालं! त्यासाठी दरवर्षी माणूस कशाला बोलवायचा? असं गास्तों लावरदियेरने शनिवारी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. एकतीस वर्षं शाळेची बस बर्फातून हाकलेला माणूस तो. एका तलावाला थोडाच भिणार?

त्याची बायको ओदेत पानात वाढत राहिली. तिची थोरली बहीण क्लोतील दोन दिवसांसाठी राहायला आली होती. तिने फक्त विचारलं, "पाणी कुठे सोडणार?"

"उताराला, ताई. पाण्याला वाट सांगावी लागत नाही."

क्लोतीलचं सगळ्यातच काहीतरी म्हणणं असतं, असं गास्तोंचं अकरा वर्षांपासूनचं ठाम मत होतं. ती रविवारी संध्याकाळी जाणार, हाच काय तो दिलासा.

जेवण झाल्यावर त्याने बागेची रबरी नळी तलावात सोडली आणि दुसरं टोक घराच्या बाजूला उतारावर टाकलं. तोंडाने ओढून पाणी सुरू केलं, घोटभर गिळलंही. पाणी हातभर उतरलं की नळी काढायची, एवढंच काम उरलं. तेवढ्या वेळापुरता तो खुर्चीत टेकला. पोटात मांसाची गरम पॅटी, पायांशी शेगडी! उठला तेव्हा दिवे लागले होते, आणि बहिणींनी पत्त्यांचा डाव मांडला होता. तोही बसला. नळी त्याच्या डोक्यातून साफ निघून गेली.

त्या रात्री पारा शून्याच्या आठ खाली गेला.

सकाळी ओदेतने खिडकीतून पाहिलं आणि नवऱ्याला शांतपणे हाक मारली. तलाव निम्मा रिकामा होता. उरलेला निम्मा घराला वळसा घालून फाटकाजवळच्या खोलगट जागेत जाऊन बसला होता आणि तिथेच काचेसारखा गोठला होता. त्या काचेत क्लोतीलची निळी गाडी चारी चाकांनी रुतून उभी होती, मुरंब्यातल्या फोडीसारखी!

गास्तों पहार घेऊन धावला. क्लोतील अंगावर शाल घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, की तिच्या टायरांजवळ पहार दिसली तर ती आधी त्याच्या डोक्यात बसेल. बर्फ आपोआप वितळेपर्यंत ती इथेच राहील. मग तिने तलावात वाकून पाहिलं.

"नळी थेट तळाशी सोडलीस होय? मी हातभरच सोडते, म्हणजे पाणी तिथे आपोआप थांबतं."

 तेव्हा गास्तोंला कळलं, की नवरा गेल्यापासून ही बाई स्वतःच्या घरचा तलाव दरवर्षी एकटीच बंद करते.

"मग काल बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे?"

ती बाह्या सरसावून कामाला लागली. आधी तळघरातल्या नळाला नळी जोडून तलावात हवं तेवढं पाणी भरून घेतलं. मग तिने तलावाच्या नळ्यांच्या एका तोंडाला हवेचा पंप लावला आणि गास्तोंला दुसऱ्या तोंडाशी बूच घेऊन बसवलं. आत पाणी आहे का, म्हणून तो डोकावला. होतं. सगळं त्याच्या मिशांवर आलं! ओदेत पायरीवर बसून इतकी हसली, की तिला उचकी लागली. दुपारपर्यंत ताडपत्री ढोलासारखी ताणून बसली. संध्याकाळी तिघांनी वाटाण्याचं सूप भुरकलं आणि पुन्हा पत्ते काढले.

मंगळवारी ऊन पडलं आणि गाडी मोकळी झाली. क्लोतील निघाली तेव्हा गास्तोंनेच तिची पिशवी उचलली. घर एकदम मोठं वाटायला लागलं.

दुपारी शेजारचा फेर्नां कुंपणाशी आला. गास्तोंने छाती काढून सांगितलं, की यंदा तलाव घरच्या घरी बंद केला.

"हो, क्लोतीलबाई म्हणाल्या जाताना," फेर्नां म्हणाला. "शनिवारी आमचा करायला येताहेत. जेवायलाही थांबणार आहेत."

गास्तों तडक आत आला आणि ओदेतला म्हणाला, "तुझ्या बहिणीला फोन लाव. तलाव खुशाल त्यांचा करा म्हणावं, पण जेवण आपल्याकडे!"