गजलक्ष्मी मोटारीच्या पितळी पाटीची हकीकत

श्रीगणेशास नमन, शारदेस नमन, आणि जिच्या वाट्यास जन्मभर चढणच आली त्या खोऱ्यातील रयतेस नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, कार्तिकमासी जे घडले ते ऐकिले तैसे लिहितो. लिहिताना संताप आवरत नाही, तरी वाचणाराने अक्षर गोड मानून घ्यावे.

राज्य डोंगराचे. दवाखाना घाटमाथ्यावर आणि निम्मी रयत खाली खोऱ्यात, मध्ये उभा घाट. म्हणोन श्रीमंत महाराज यांनी उदार होऊन, आजारी माणसे आणि अडलेल्या बायाबापड्या वर आणावयास एक मोटार खरेदी केली. मोटार डिझेलची, उंच बैठकीची, चारही चाकांस ओढ असलेली, रंगाने काळीभोर. नाव गजलक्ष्मी ठेविले. मग दसऱ्यास तिची पूजा जाहली, आणि कारभारी बाळकोजी यांच्या मनी आले की देणे कोणाचे हे रयतेस दिसावे, आणि त्यांनी महाराजांचे नाव कोरलेली पितळी पाटी मोटारीच्या तोंडावर ठोकविली, नेमकी तेथे, जेथून जाळीवाटे वारा आत शिरतो आणि इंजिनाचे पाणी निवते. पुढील दसऱ्यास महाराजांस नवा किताब लाभला आणि पाटी रुंद जाहली, मग आणखी किताब आणि आणखी पितळ, आणि वरून झेंडूच्या माळा, त्या वाळून कोळसा जाहल्या तरी काढावयाच्या नाहीत, अपशकुन होतो. असे करिता करिता जाळी बुजली आणि मोटार घाटात तापू लागली.

मग मसलती जाहल्या. केरबा मिस्त्री यांनी कूलंट बदलिले, मग थर्मोस्टॅट बदलिला, मग रेडिएटर उतरवून धुतला आणि पाण्याचा पंप नवा घातिला, आणि हे सर्व करिताना पाटी अदबीने सोडवून मखमलीवर ठेविली आणि अदबीने पुन्हा बसविली. तरी अर्धा घाट चढला की काटा तांबड्या खुणेस जाई. एकदा खुद्द कारभारी यांनी तापल्या रेडिएटरचे झाकण उघडिले आणि उजवीकडील मिशी वाफेत गमाविली. तापले झाकण उघडू नये हे मोटारीसोबत आलेल्या पुस्तकात लिहिले होते, परंतु ते पुस्तक देवघरात होते आणि त्यास रोज फूल वाहत. मग कोणी म्हणाले दृष्ट लागली, आणि लिंबू-मिरची बांधिली, तीही जाळीवरच. पहिला सारथी म्हणाला की सरकार, पाटी तेवढी काढावी. त्याची बदली हत्तीखान्यात जाहली, आणि हत्ती तर महाराजांच्या आजोबांच्या काळीच मेले होते. तेव्हापासून सर्वांस ठाऊक आणि कोणी बोलेना. मिस्त्रीस ठाऊक, नव्या सारथ्यास, येसाजीस, ठाऊक, कारभारी यांस तर मिशी गेल्या दिवसापासून ठाऊक. जळो ते ठाऊक असणे.

कार्तिकात खोऱ्यातील ठकूबाईची सून मैना अडली. मैना बारीक अंगाची, पहिलटकरीण, कळा देऊन देऊन ओठ पांढरे पडलेले, हाक मारावी तर डोळ्यांनीच ओ देणारी. सुईणीने हात टेकले आणि दुपारी गजलक्ष्मी आली. येसाजी सारथ्यास, मिस्त्री दुरुस्तीस, आणि कारभारी फोटोस. मैनेस मागल्या बैठकीवर निजविले, तिचे डोके सासूच्या मांडीवर, आणि स्वारी निघाली. अर्ध्या घाटात काटा चढला, मग वाफ निघाली, मग मोटार उभी राहिली. येसाजीने बॉनेट उघडिले आणि इंजिन निवेपर्यंत थांबावे असे ठरले. निवले, चार वळणे चढली, पुन्हा उभी राहिली. मैना कण्हत होती ती कण्हावयाचीही थांबली.

तेव्हा ठकूबाई खाली उतरली, मोटारीच्या पुढे गेली, आणि पाटीआडून येणारी धग तिने हाताने चाचपून पाहिली.

"ह्या बैलाचं नाकतोंड फळीनं बांधलंय, आन् चढाला हाणताय व्हय रं?"

येसाजीने मान खाली घातली. मिस्त्री घाटाची शोभा पाहू लागला. कारभारी म्हणाले की बाई, पाटीस हुजुरांच्या आज्ञेवाचून हात लाविता येत नाही, माथ्यावर रेंज आली की विचारून घेऊ.

"माथा आला असता तर इचारायचं काय राह्यलं असतं, कारभारी?"

मग ती मागे गेली आणि चाकाचा पाना काढून आणिला. कारभारी म्हणाले हा राजद्रोह होईल. ती म्हणाली, "माझी मैना गेली तर तिचं नाव कोरशीला का ह्याच्यावर? मग बाजूला व्हा." आणि तिने किताबामागून किताब उचकटिले, वाळलेल्या माळा ओरबाडिल्या, लिंबू-मिरची दरीत फेकिली, आणि हात रक्तबंबाळ जाहला तरी थांबली नाही. आणि लिहावयास लाज वाटते, तीन धट्टेकट्टे पुरुष उभे राहून पाहत होते. मग इंजिन निवले, मग पाणी भरिले, मग मोटार निघाली, आणि वारा जाळीतून शिरला, आणि काटा मध्यावर जो बसला तो माथ्यापर्यंत हलला नाही. मैना वाचली. मुलगी जाहली, तीही वाचली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणखी घटकाभर उशीर होता तर दोघी गेल्या होत्या.

पुढे दरबार भरला. कारभारी यांनी अर्ज केला की हुजुरांच्या मोटारीने दोन जीव वाचविले. महाराजांनी ठकूबाईस पुसले, हे खरे काय. ती म्हणाली, "पाटी उतरली तवा गाडी चढली, सरकार. एवढंच खरं." महाराज मनाने वाईट नव्हते, त्यांस कोणी सांगितले नव्हते, आणि आता सांगितले तेव्हा त्यांनी ऐकिले नाही. ते हसले, म्हातारीचा गुन्हा माफ केला, लुगडे-चोळी देवविली, आणि सर्व दरबाराने उभे राहून त्यांस 'प्रजाप्राणरक्षक' हा किताब अर्पिला. ठकूबाईने लुगडे तेथेच ठेविले आणि सुनेस व नातीस घेऊन ती आपल्या वाडीस गेली.

एवंच, मोटार सुस्थितीत आहे, तेलपाणी वेळचे वेळी होते. नवा किताब मावेना म्हणोन नवी पाटी जाळी झाकून दिव्यांच्या काचांपर्यंत आली आहे, आणि ती यावेळी वेल्डिंगने पक्की केली आहे. खोऱ्यात आणखी एका सुनेचे दिवस भरत आले आहेत. बहुत काय लिहिणे.