बाणापुढचं शेवटचं नाव

साहेब, दोष तुमचा आहे! "पत्रं भरायच्या कोडमध्ये अवतरणचिन्हात रकान्याचं नाव लिहिलेलं दिसलं तर घरी बसवीन," असा दम तुम्हीच दिला होता. माझी नोकरी कच्ची, महिनाअखेरीस पक्की व्हायची. मी म्हटलं, घ्या! नाव लिहायचंच नाही. लॅम्डा लिहायचा, म्हणजे एका ओळीचं सूत्र : आधी क्ष, मग बाण, मग क्ष.मालक.शेरा. आपण नुसतं बोट दाखवायचं, नाव माझा कोड उपटून काढणार, मातीतून मुळा उपटावा तसं! कॉलेजची पायरी न चढता जमवलं हो मी हे! तुम्ही एकदाच चालवून पाहिलंत, "चालतंय" म्हणालात, आणि जनावरांच्या दवाखान्याची पत्रं तर सोडाच, आपल्या ऑफिसची पत्रंही त्यावर टाकलीत.

दवाखान्याचं पहिलंच पत्र माझ्या सासऱ्यांना गेलं. त्यांचा कुत्रा तिथला जुना पेशंट.

"जावईबापू!" फोन तापला. "पत्र 'श्री. बंड्या' यांना आलंय! बंड्या कुत्रा आहे! आणि मालकाच्या रकान्यात काय? 'अंगावर येतो. मुसकं बांधून आणावं'!"

"अहो, ते कुत्र्याचं..."

मागून सासूबाई म्हणाल्या, "राहू दे हो! चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी खरं लिहिलंय. फ्रेम करते!"

जेवण टाकून कोड उघडला. माझा शहाणा बाणापुढचं शेवटचंच नाव उचलत होता! मालकाचा शेरा काय, प्राण्याचा काय, हाती नुसता 'शेरा'; नावांचंही तेच. एकाच खणात दोन चिठ्ठ्या. नंतरची आधीचीला गिळून बसली. (वाचकहो, हसू नका. तुम्हीही एकदाच तपासलं असतं.)

मी दुरुस्तीला अर्धा तास मागितला.

"अर्धा तास?" तुम्ही गरजलात. "पाच मिनिटांत तुला काढल्याचं पत्रच छापतो!"

छापलंत. त्याच कोडवर! न वाचता सही ठोकलीत आणि चहाला गेलात.

साहेब, त्या पत्रात आधी कर्मचारी.नाव होतं, मग अधिकारी.नाव. नंतरचं जिंकलं. 'आपणांस आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे' : वर तुमचं नाव, खाली तुमचीच सही! आस्थापनेच्या बाई नियमाच्या पक्क्या. त्यांनी लगेच तुमचं दाराचं कार्ड बंद केलं.

आता काचेला नाक लावून ओरडू नका, इकडे काही ऐकू येत नाही. कागदावर लिहून दाखवा : माझी नोकरी पक्की, की तुमचं पत्र पक्कं? उत्तर द्या! आणि या वेळी नाव हातानं लिहा.