व्होल्टेज उतरवणारे अण्णा

बिराप्पाअण्णा कुणाच्या घरी गेले की उंबऱ्यातच थांबत. चप्पल काढत नसत, बोलत नसत. मान एका बाजूला कलती करून घरातला आवाज ऐकत आणि घरधन्याला नमस्कार करायच्या आधी त्याच्या पंख्याला शिवी घालत. "बेअरिंग मेलंय ह्याचं. आन् तुम्ही त्याच्याखाली बसून जेवायलाव?" मिक्सर, फ्रिज, पाण्याची मोटार, कुणाचं नाक, त्यांच्या कानातून काही सुटत नसे. एका साखरपुड्यात त्यांनी मुलीच्या सासऱ्याला भर पंगतीत विचारलं होतं, "घोरताव काय हो तुम्ही? श्वासावरनं वाटायलंय."

सीमेवरच्या आमच्या आळंद गावात चहाच्या टपऱ्यांवर त्यांच्या गोष्टी आजही चवीनं सांगतात. सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे, 'म्हाताऱ्यानं कांप्युटरातून साऱ्या गल्लीचं व्होल्टेज खाली आणलं होतं.' ही गोष्ट कुणी सुरू केली की माझं डोकं फिरतं. अर्धा चहा ठेवून मी उठतो. लोकांना वाटतं, शेजारी होता, म्हणून वाईट वाटतं. शेजारी कसला डोंबलाचा! ती गोष्ट मीच तयार केली आहे. एकदा ओरडून सांगितलं होतं, पण गोष्टीत ते कुणी घेतलं नाही. आता लिहूनच टाकतो.

मी नागनाथ. तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत माझं स्टॅबिलायझर दुरुस्तीचं दुकान. मागे घर, आणि मधे एकच भिंत टाकून पलीकडे अण्णांचं घर. त्यांचे वडील खजुरीच्या शिवारात मेंढरं राखायचे. अण्णा टेलिफोन खात्यात ऑपरेटर झाले. जन्म लोकांचे नंबर जोडण्यात गेला. मग आपोआप नंबर जोडणारं यंत्र आलं आणि अण्णा वेळेआधीच घरी बसले. कान मात्र ड्यूटीवरच राहिले.

मुलगा पुण्याला कंपनीत लागला. एका दिवाळीला येऊन तो बापाला कांप्युटर देऊन गेला. अण्णा बाहेरच्या खोलीत बसून त्यावर लोकांचे कचेरीत द्यायचे अर्ज टाइप करून देत, कन्नडमध्ये, मराठीत, लागेल तसे. पुण्याला चला म्हणून मुलगा मागे लागायचा. अण्णा म्हणत, "जाऊन आलोय एकदा. तिथं माणसं घरात राहत न्हाईत, आवाजात राहतात."

खरं कारण आतल्या खोलीत होतं. सरूअक्का, अण्णांची बायको. त्यांना लकवा मारून गेला होता. उजवी बाजू गेली, तोंड एका अंगाला ओढलं आणि आवाज सुतासारखा बारीक झाला. पाणी पाहिजे, कूस बदलायची, काहीही असलं तरी त्या आतून "अवो" एवढंच म्हणत. तेवढी हाक अण्णांच्या कानावर पडायला पाहिजे, एवढाच त्या घराचा प्रश्न होता. अक्कांची खाट बाहेरच्या खोलीत आणता येत नव्हती, कारण तिथं दिवसभर परकी माणसं येत आणि त्या तोंडानं कुणासमोर यायला अक्का तयार नव्हत्या.

मी एकदा शहाणपणा केला. म्हणालो, "अण्णा, हाताशी एक घंटी बांधा की."

"घंटी?" अण्णा असे उसळले की मी दोन पावलं मागं आलो. "मी काय शिपाई हाय? का ती सायेब? तिला तोंड हाय, तोंडानं बोलवंल. घंटी बांध तुझ्या गळ्यात!"

दोन हजार सहा-सातचा उन्हाळा असेल. आमच्याकडच्या उन्हात माणूस सुकतो, तिथं कांप्युटरचं काय. आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घोंघावायला लागला. हाक बुडते म्हणून अण्णांनी छताचा पंखा आधीच बंद करून टाकला होता. ओला टॉवेल डोक्यावर टाकून ते टाइप करत. पण कांप्युटरचा पंखा बंद करून चालत नाही, आतली चिप जळते. मुलानं फोनवर उपाय सांगितला. चिपला जाणारं व्होल्टेज थोडं थोडं कमी करायचं. मग ती कमी तापते, आणि कमी तापली की पंखा आपोआप हळू होतो.

अण्णांना जणू गुरुमंत्र मिळाला. भेटेल त्याला धरून सांगायला लागले. "कंपनी समद्या चिपला सारखंच व्होल्टेज लावून देती. सगळ्यात आळशी चिप ज्याच्यावर चालंल, तेवढं समद्यांना. आरं, जो बैल हाकेवर चालतो, त्याला पराणी कामून टोचायची?" ऐकणारा अर्ज टाइप करून घ्यायला आलेला असे. तो "व्हय व्हय" म्हणत घड्याळ बघे.

मुलानं पाठवलेल्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये आकडा असे. एक पॉइंट चारपासून अण्णा एकेक पायरी खाली उतरत. प्रत्येक पायरीवर यंत्राला दिवसभर कामाला जुंपत आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहीत. 'एक पॉइंट तीन : ठीक. एक पॉइंट दोन : ठीक, आवाज बराच कमी.' एक पॉइंट एकला यंत्र गोठलं, तेही एका माणसाचा अर्ज 'आपणांस नम्र विनंती की' इथपर्यंत आलेला असताना. तो माणूस म्हणाला, "पुढं?" अण्णा आनंदानं म्हणाले, "पुढं काय न्हाई! तळ लागला! आता एक पायरी वर चढायची, झालं."

पायरी उतरली की परीक्षा. अण्णा खुर्चीत बसून, डोळे मिटून आतल्या दाराकडे ओरडत, "मार हाक! अगं मार की! हळू मार, नेहमीची मार!" गल्लीला वाटे, म्हातारा बायकोवर खेकसायलाय. अशाच एका परीक्षेच्या वेळी दुकानातलं व्होल्टेज मोजायचं मीटर देण्यासाठी म्हणून मी दारात उभा होतो. आतून हाक आली का नाही, मला कळलं नाही. अण्णांना कळली. त्यांचं ते तिरसट, सुरकुतलेलं तोंड क्षणभर लहान पोरासारखं झालं. मला बघितल्यावर लगेच पूर्ववत. "काय बघायलास? मीटर ठेव आन् जा."

म्हणजे मला सगळं माहीत होतं. हे नीट लक्षात ठेवा. चिपचं व्होल्टेज काय आणि खांबावरून येणारं काय, हेही मला माहीत होतं. माझा धंदाच तो.

त्याच उन्हाळ्यात गल्लीतलं व्होल्टेज पार बसलं. बल्ब पिकल्या टमाट्यासारखे लाल. टीव्हीतलं चित्र चारी बाजूंनी आकसलेलं. स्टॅबिलायझरला मागणी आली. तांब्याची तार मिळेना, तेव्हा मी ॲल्युमिनियमची तार गुंडाळली आणि वरून तांबडं वार्निश मारलं. महिन्याभरात एकेक करून ते जळायला लागले. समोरच्या विमलाबाई जळका डबा काखेत मारून दुकानात आल्या. चार गिऱ्हाइकं बसलेली.

"नागनाथ, काय दिलास हे? वास मारायलाय घरभर."

मी गिऱ्हाइकांकडे बघितलं. आणि माझ्या तोंडातून ते वाक्य निघालं. "माझ्या मालात काय न्हाई विमलाबाई. शेजारी अण्णा कांप्युटरातून व्होल्टेज कमी करायलेत. त्यांनाच विचारा की."

गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. गंमत म्हणून बोललो, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. साफ खोटं आहे. मी जीव वाचवायला बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या ओट्यासमोर अर्धी गल्ली जमली. पुढे गफूरचाचा, आमच्या गल्लीतले शिंपी. इलेक्ट्रिकवर चालणारं नवं शिलाई मशीन घेतल्यापासून त्यांना व्होल्टेजची काळजी घरच्या लेकरापेक्षा जास्त.

"क्यों बिराप्पा, व्होल्टेज कम किया क्या रे तू?"

अण्णांना वाटलं, कुणीतरी शेवटी कौतुकानं विचारायलंय. छाती फुगवून म्हणाले, "व्हय! कमी केलो! एक पॉइंट चारवर होतं, पार खाली आणलो!"

"देखो! हौ बोल्या! अपने मुँह से बोल्या!"

मग जो गोंधळ झाला तो झाला. अण्णा ओरडून सांगत होते, "आरं गाढवांनो, ते चिपच्या आतलं! दीड व्होल्टाच्या आतलं! ते वायरीतनं तुमच्या घराला येत न्हाई!"

विमलाबाई पुढे सरसावल्या. "तुमच्या घरात दोनशेतीस येतंय का न्हाई?"

"येतंय."

"त्यातलं तुम्ही एक-सव्वा वापरायलाव. मंग बाकीचं कुठं ठेवलाव?"

 याला उत्तर होतं, पण ऐकून घ्यायला कुणी नव्हतं. अण्णांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मला मागे, दुकानाच्या पायरीवर हेरलं. "नाग्या! तू सांग यांना. तुला कळतंय. सांग की!"

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या मागे फळीवर तांबडं वार्निश मारलेल्या तारेचे सहा स्टॅबिलायझर विक्रीला मांडलेले होते.

"मला कांप्युटरातलं काय कळतंय अण्णा," मी म्हणालो. "मी साधा मेकॅनिक."

 अण्णा आत गेले आणि सगळ्यांना दिसेल असं दार उघडं टाकून त्यांनी आकडा पुन्हा वर नेला. "घ्या! घ्या तुमचं व्होल्टेज! खावा, प्या, आंघोळ करा त्यानं!" थोड्या वेळात पंखा घोंघावायला लागला.

आणि दैवाचा नतद्रष्टपणा बघा. त्याच दुपारी लाइनमननं खांबावर काहीतरी दुरुस्ती केली आणि गल्लीतलं व्होल्टेज चढलं. आता तर खात्रीच पटली, आणि अण्णांना आकडा कुणी पुन्हा खाली आणू देईना. येता-जाता विमलाबाई अण्णांच्या खिडकीशी थबकायच्या, पंख्याचा आवाज ऐकायच्या आणि घरच्यांना ओरडून सांगायच्या, "चालू हाय गं, टीव्ही लाव!" म्हाताऱ्याच्या कानात जे ओतलं जात होतं, ते गल्लीला विजेची हमी वाटायला लागलं. मला दुकानात बसून सगळं ऐकू यायचं. एका वाक्यात मिटलं असतं. मी ते वाक्य बोललो नाही.

चौथ्या दिवशी, दुपारी, मधल्या भिंतीवर काहीतरी धप्प आदळलं. मी पळत अण्णांकडे गेलो. बाहेरच्या खोलीत अण्णा पाठमोरे बसून टाइप करत होते. पंखा घोंघावत होता. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. त्या माणसाला! मी त्यांचा खांदा धरून हलवला.

अक्का खाटेखाली पडल्या होत्या. पाण्याचा तांब्या लांब घरंगळलेला. अण्णा त्यांच्याजवळ मटकन बसले आणि त्यांच्यावरच ओरडले, "हाक मारायची न्हाई काय!"

"मारले की," अक्का म्हणाल्या. "चारदा."

खुब्याचं हाड मोडलं होतं. सोलापूरला नेऊन ऑपरेशन केलं. सव्वा महिन्यानं दोघं परत आले. मी चार दिवस हिंमत गोळा करत होतो. पाचव्या दिवशी दुपार उतरताना गेलो आणि ॲल्युमिनियमपासून सगळं सांगून टाकलं. मान खाली घालूनच बोललो. चप्पल बसेल असं वाटत होतं. बसली असती तर बरं झालं असतं.

 अण्णा खुर्चीवरून उठले. "बस हितं. एकेक पायरी खाली उतर. पंखा बसला की पुढची. घाई केलास तर हात तोडतो." आणि आत निघून गेले.

मी बसलो. एक पॉइंट चार. पायरी उतरली, थांबलो. पुन्हा उतरली, पुन्हा थांबलो. पंख्याचा आवाज हळूहळू बसत गेला आणि त्याखालून आतल्या खोलीतलं बोलणं वर यायला लागलं. आधी नुसती गुणगुण. मग शब्द.

"हितं दुखतंय?"

"न्हाई."

"आता?"

"उं... जरा."

"थांब. हळू सोडवतो. लई गुंता झालाय दवाखान्यात."

अण्णा अक्कांचे केस विंचरत होते. आठ वर्षं मी त्या भिंतीला पाठ लावून झोपलो आणि या माणसाचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. मधेच त्यांनी गफूरचाचांची नक्कल केली, अगदी त्यांच्याच बोलीत. आणि अक्का हसल्या. सुतासारखं, तुटेल असं हसणं. पुढची पायरी उतरायला माझा हात धजेना.

आतलं बोलणं हळूहळू विरलं. तेवढ्यात खिडकीत विमलाबाई. "नागनाथ? तू हितं? आवाज येईना झालाय. पुन्हा कमी केलं काय म्हाताऱ्यानं?"

माझ्या डोक्यात सणक गेली. मी उठून ओट्यावर आलो. "मी कमी केलोय! मी! आन् तुमचा डबा व्होल्टेजनं जळला न्हाई, माझ्या तारेनं जळला! ॲल्युमिनियम घातलो होतो! सांगा सगळ्यांना, बोलवा गफूरचाचाला..." मी इतक्या मोठ्यानं ओरडत होतो की समोरची दारं उघडली.

मागून कुणीतरी माझी कॉलर धरली. अण्णा होते. हातात फणी, फणीत अडकलेले पांढरे केस. तोंड रागानं लाल झालेलं, पण आवाज इतका खाली आणलेला की मला त्यांच्या ओठांकडे बघावं लागलं.

"भांडायचं तर तिकडं रस्त्यावर जाऊन भांड," ते म्हणाले. "तिला आत्ता झोप लागली."