शेटेसाहेबांची खात्री

पंखा थांबला की आपण समजतो, वीज गेली. शेटेसाहेब टेस्टर काढतात. अख्ख्या निघोजे गावाचे दिवे गेलेले असोत, शेजारच्या कंपनीचा जनरेटर धडधडायला लागलेला असो, ते आधी एका सॉकेटला टेस्टर लावणार, मग दुसऱ्याला, आणि मग म्हणणार, "गेलेली दिसते." 'गेली' नाही. 'गेलेली दिसते.'

आमची कंपनी गाड्यांचे सेन्सर तपासायची यंत्रं बनवते. शेटेसाहेब माझे सीनियर, टेबलाला टेबल लागून. कँटीनवाल्याने "बिनसाखरेचा" म्हणून चहा पुढे केला की विचारतात, "असं कोण म्हणतं?"

"मीच म्हणतोय, साहेब."

"तेच तर."

मध्यंतरी एका नव्या यंत्रासाठी आम्ही एक चिप घ्यायची म्हणत होतो. संगणकाला कळतात आकडे आणि सेन्सरच्या तारेला कळतं व्होल्टेज. ही चिप आकड्याचं व्होल्टेज करून देते. विकत घेण्याआधी ती तपासून बघता यावी म्हणून तळहाताएवढ्या बोर्डावर बसवलेली मिळते. बोर्ड आलं तसं मी हौसेनं जोडलं. पॉवर सप्लाय लावला, केबल खुपसली, सॉफ्टवेअर उघडलं, आकडा टाकला.

"साहेब, झालं! अडीच व्होल्ट येतायत."

"असं कोण म्हणतं?"

"हे काय, स्क्रीनवर आहे."

"स्क्रीन म्हणते. बोर्ड काय म्हणतं?"

त्यांनी मीटरच्या तारा बोर्डाला टेकवल्या. शून्य. मग माझी केबल उपसून तिचं टोक निरखलं. "ही मोबाईलची. नुसती चार्जिंगची. सॉफ्टवेअरला बोर्ड दिसलंच नाही, म्हणून ते सरावाचा खेळ दाखवतंय. तुम्ही आकडे टाका, ते मान डोलावतंय."

केबल बदलली तरी व्होल्टेज भलतंच. तेव्हा बोर्डावरची, दोन पिना जोडणारी एक बारकी टोपी चुकीच्या पिनांवर बसलेली सापडली. ती त्यांनी चिमट्यानं हलवली, वर लाल टेप चिकटवली आणि खोलीतल्या प्रत्येकाकडे एकेकदा बघून घेतलं. मग दुसरं मीटर आणलं. दोघांचं थोडं पटेना, म्हणून तिसरं. शेवटी म्हणाले, "बरोबर असावं."

ग्राहक शुक्रवारी बघायला येणार होता. ऑर्डर त्या दिवसावर अवलंबून होती. आणि नेमकं त्याच आठवड्यात शेटेसाहेबांचं काहीतरी चाललंय असं मला वाटायला लागलं. जेवणाच्या सुट्टीत ते लॅबचं दार लावून घ्यायचे. आतून कधी शिट्टीसारखा, कधी गुरगुरल्यासारखा आवाज यायचा. मी दार ढकललं की लॅपटॉपचं झाकण खाली.

आमच्या मॅनेजर सावंतमॅडमनी मला बाजूला घेतलं. "शेटे बाहेरचं काम तर करत नाहीत ना? जरा लक्ष ठेव."

संशय हा सर्दीसारखा असतो. मी त्यांच्या बॅगेचं वजन नजरेनं तोलायला लागलो.

गुरुवारी आमच्या भागात साप्ताहिक सुट्टी. उद्याची तयारी एकदा बघून घ्यावी म्हणून मी सकाळी कंपनीत गेलो. टेबलावर मीटरं होती, बोर्ड नव्हतं. सप्लायही नव्हता. शेटेसाहेब फोन उचलेनात. मी बाईक काढली ती थेट त्यांच्या घरी, पिंपळे सौदागरला. वाटेतल्या ट्रॅफिकमध्ये मी मनातल्या मनात त्यांना तीन कंपन्यांना विकून टाकलं होतं.

त्यांच्या फ्लॅटचं दार सताड उघडं होतं. दाराला लागूनच आत एक रिकामी खुर्ची. हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर आमचं बोर्ड, आणि त्याच्या व्होल्टेजचा आवाज करायला जोडलेला छोटा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर. शेटेसाहेब माऊसवर बोट ठेवून बसलेले आणि त्यांच्याकडे पाठ करून त्यांचे वडील.

"आता, अण्णा?" साहेब मोठ्यानं म्हणाले.

"आलं."

"आता?"

"आलं."

मला पाहून साहेब दचकले नाहीत. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, हळूच स्पीकरची तार काढली आणि विचारलं, "आता?"

"आलं की!" अण्णा म्हणाले.

साहेब मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. "विचारायला हवं होतं मी," ते म्हणाले. "यांचा जन्म प्रेसशॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या दणदणाटात गेला. बारीक आवाज सगळे गेले. दाराची बेल बारीकच. कोणी माघारी जाऊ नये म्हणून दुपारभर दार उघडं टाकून खुर्चीत बसून राहतात. त्यांना ऐकू येईल असा कुठला आवाज उरलाय, ते शोधतोय."

"कानाचं मशीन?"

"डबीत आहे. घालतो म्हणतात."

"आणि साहेब, मोबाईलवर ॲप असतात की असली."

"मोबाईलचा स्पीकर काय वाजवतो, काय गाळतो, कुणाला ठाऊक? या बोर्डातून काय निघतं ते मी मोजलंय."

ते चहा टाकायला लागले. मी अण्णांजवळ जाऊन बसलो. समोर शोकेस होती, आणि तिच्या काचेत टेबल, माऊस, सगळं स्वच्छ दिसत होतं. अण्णांनी माझी नजर पकडली.

"न्हाई आलं म्हणलं की त्याचं त्वांड बघवत न्हाई, पोरा," ते हळू बोलतोय अशा समजुतीनं चांगलेच मोठ्यानं म्हणाले. "त्याची आई गेली. लगीन त्यानं केलं न्हाई. माझ्याबिगर हाय कोन त्याला? म्हनून आमी आलं म्हनतो."

साहेब कप घेऊन दारात उभे होते. "काचेत बघतात, ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "झाकायचा धीर होत नव्हता."

मी टॉवेल घेतला आणि शोकेसवर टाकला.

"आता?" उत्तर नाही. "आता?" नाही. साहेब आवाजाची पट्टी एकेक पायरी खाली आणत होते. माझ्या कानाला प्रत्येक आवाज लख्ख येत होता आणि अण्णांची पाठ जशीच्या तशी. अण्णांनी काचेत काय पाहिलं असेल ते मला आता साहेबांच्या चेहऱ्यावर समोरून दिसत होतं. विचारायचंही साहेबांनी सोडून दिलं. नुसतं बटन दाबत राहिले.

मग एक जाडसर, घुमणारा आवाज आला आणि अण्णा खुर्चीसकट वळले. "ह्ये काय घुमतंय रं, दत्ता?"

साहेबांनी तो आवाज बंद केला नाही. चष्मा काढून पुसत बसले.

शुक्रवारी ग्राहक खूश होऊन गेला. मॅडमना मी एवढंच सांगितलं, की बाहेरचं काम नाही, घरचं आहे. पुढे बोर्ड घरी न्यायची गरज नव्हती. साहेबांनी सुटे भाग आणून त्याच आवाजाची बेल घरी बनवली.

परवा त्यांची बस चुकली, म्हणून मी त्यांना घरी सोडलं. दार बंद होतं. त्यांनी बेल दाबली. आत घुमलं. बराच वेळ कुणी आलं नाही.

"साहेब, किल्ली विसरलात का?"

"नाही." त्यांनी खिशावरून हात फिरवला. "आहे."

आतून चपला फरफटत येत असल्याचा आवाज आला. शेटेसाहेबांनी बॅग या हातातून त्या हातात घेतली, केस सारखे केले आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले.