हिरव्या रंगाचं उद्यापन

अंबडच्या कारखान्यात नवं सॉफ्टवेअर आलं आणि त्यात हवे ते रकाने करता येतात हे कळलं, तेव्हाच सविताची साडेसाती सुरू झाली. कामांची आखणी तिच्याकडे. नाही म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"माझा रकाना सक्तीचा कर," विक्रीची रूपाली म्हणाली. "ग्राहकाचा अभिप्राय."

"मंग माझा बी," स्टोअरचे बुधाभाऊ म्हणाले. "तक्रार आली, तर माल परत आला का ते आधी लिवायचं."

सविताने सगळ्यांची मनं राखली.

आज वैभवलक्ष्मीचं उद्यापन. दिवेलागणीला सुवासिनी घरी येणार होत्या आणि निफाडच्या शीतगृहाचं विजेचं पॅनेल गेटपाशी टेम्पोची वाट बघत उभं होतं. देवरे साहेबांनी बजावलं होतं, "नव्या सॉफ्टवेअरमधलं पहिलं काम आहे. पडद्यावर काम हिरवं झाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही."

गेटपास निघेना. आधी अभिप्राय भरा, म्हणे. चालू कामातला रकाना काढताही येईना. सविताने मनात देवीचं नाव घेऊन निफाडला शीतगृहाच्या मालकांना फोन लावला.

"सावळीरामभाऊ, पॅनेल कसं वाटलं?"

"कोणचं पॅनेल?"

"आम्ही पाठवणार आहोत ते."

"अहो ताई, मुलगी दाखवली नाय आन् सून कशी वाटली इचारता?"

"उत्तम म्हणू का?"

"उत्तम? द्राक्षं तोडून ठेवलीत मी! तक्रार लिहा, तक्रार!"

खोटं लिहायचं नाही, त्यात व्रताचा दिवस. तिने 'तक्रार' निवडलं. लगेच बुधाभाऊंचा रकाना उघडला : माल कारखान्यात आहे का?

"हा काय, माझ्या म्होरं उभा हाय," बुधाभाऊ म्हणाले. "हो लिवा."

तिने 'हो' लिहिलं. पडदा हिरवागार झाला. 'काम पूर्ण. माल परत.'

"वा!" साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

"साहेब, पण माल गेलाच नाही."

"काय लिहिलंय तिथे?"

"परत आला."

"मग परत आलेला माल इथेच असणार ना! टेम्पोला नको म्हणून सांगा. आणि हो, उद्यापासून तक्रार सगळ्या कामांना सक्तीची करा. बघा किती पटकन उरकतं."

सविताने गेटकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. तिने पर्स उचलली.

ती पोचली तेव्हा सुवासिनी पाटावर बसल्या होत्या आणि सासूबाई समईत तेल घालत होत्या. सविताने सगळ्यांना हळदकुंकू लावलं, खिरीचा नैवेद्य दाखवला, देवीपुढे हात जोडले. मागायचं होतं ते सगळं विसरली.

"आई," ती पुटपुटली, "तेवढं पॅनेल निफाडला पोचव. आणि तुझ्याकडे त्यासाठी काही रकाने भरावे लागत असतील, तर तूच भर गं. मला दाखवूसुद्धा नकोस."