झाकण जप्त!

"टेबलावरचं झाकण कोणी उचललं?"

झाकणताईंनी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा त्यांचा आवाज साधा होता. दुसऱ्यांदा विचारला तेव्हा त्या टेबलाखाली होत्या. तिसऱ्यांदा विचारेपर्यंत त्यांनी कचऱ्याची बादली वर्तमानपत्रावर पालथी केली होती आणि कालच्या भाजीच्या सालांत दोन्ही हात कोपरापर्यंत घातले होते.

त्या झाकणांच्या कारखान्यात नमुने बनवत. म्हणून तिथे त्यांना सगळे झाकणताई म्हणत, आणि आता ते नाव घरीही चिकटलं होतं. आजवर त्यांनी फिनेलच्या, खोकल्याच्या औषधाच्या आणि उंदीर मारायच्या औषधाच्या बाटल्यांची झाकणं केली होती. चांगली, घट्ट, न गळणारी झाकणं. पण आपण केलेलं झाकण कुणीतरी हातात धरून बघावं, हसावं, खिशात टाकावं, असं त्यांना फार वाटायचं. उंदराच्या औषधाच्या बाबतीत ते होणं कठीणच होतं. या वाटण्यातूनच ते नारिंगी झाकण जन्माला आलं. मुलांच्या फळरसाच्या बाटलीचं. माथ्यावर बोथट टोक, आतल्या बाजूला एक बारीक दांडी. बाटलीवर असलं की झाकण. काढलं, उलटं केलं आणि दांडी चिमटीत धरून फिरवलं की भोवरा.

निदान ठरलं तरी तसं होतं. प्रत्यक्षात ते दोन गिरक्या घ्यायचं आणि झोप अनावर झालेल्या माणसासारखं कुशीवर कलंडायचं.

"हे फिरत नाही," साहेब काल म्हणाले होते. "आणि फिरलं तरी काय मोठं? झाकण म्हणजे झाकण. रस प्यायचा, झाकण लावायचं, विसरून जायचं. झाकण घेऊन खेळत कोण बसतं हो?" मग त्यांनी खणातून एक सपाट निळं झाकण काढलं होतं. ते इतकं कंटाळवाणं होतं की त्याच्याकडे बघून जांभई यावी. "उद्या दुपारी रसाच्या कंपनीचे लोक येतायत. तुमचं फिरलं तर तुमचं दाखवू. नाही फिरलं तर हे. आणि मग तुम्ही आपल्या परत फिनेलकडे."

साचा अजून व्हायचा होता, म्हणजे जगात नारिंगी झाकण एकुलतं एक. तेच झाकणताईंनी घरी आणलं, संध्याकाळभर टोक घासलं, आणि काही उपयोग होत नाही असं बघून टेबलावर ठेवलं. आणि आता ते टेबलावर नव्हतं.

नवरा दाढीचा फेस पुसत आला. तो डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायचा. दिवसभर लोकांना सर्वांत खालची ओळ वाचायला लावणारा माणूस.

"नारिंगी होतं का?"

"हो!"

"दांडीवालं?"

"हो, हो, कुठाय?"

"अगं, आबांची पाण्याची बाटली भरली सकाळी, तर तिचं झाकण सापडेना. बुटकीने त्यात बाहुलीला आंघोळ घातलीय. मग टेबलावर हे दिसलं, ते लावलं." आणि वर कौतुकाने म्हणाला, "काय फिट्ट बसलं गं! एक थेंब सांडला नाही."

कुठल्याही बाटलीला बसावं म्हणून झाकणाच्या आतल्या आट्यांसाठी झाकणताईंनी जिवाचं रान केलं होतं. त्या आट्यांचं आजवर कुणी कौतुक केलं नव्हतं. रागवावं की आभार मानावेत हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी नुसतंच विचारलं, "आबा कुठायत?"

"बुटकीला बालवाडीत सोडायला गेलेत. येतीलच."

आबा आले. आबा म्हणजे सासरे, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. ताठ पाठ, ताठ मान. खेळण्यांनी मुलं बिघडतात असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते रोज जेवताना मांडलं जायचं. आज मात्र ते जरा विचित्र चालत आले. उजव्या हातात बाटली, आणि तिच्या तोंडात अंगठा.

"आबा, झाकण?"

"बुटकीने घेतलं."

"तुम्ही दिलंत?"

"मी कशाला देतोय!" आबा कडाडले. मग जरा घुटमळून म्हणाले, "रस्त्यात हात पुढे केला आणि ओठ काढला तिने. एवढ्या लोकांत काय करणार माणूस? मग अंगठा लावून आलो."

"बालवाडीपासून इथपर्यंत?"

"पाणी वाया घालवायचं नसतं," आबा म्हणाले.

झाकणताईंनी डोक्याला हात लावला. दुपारपर्यंत झाकण हातात पडलं नाही, तर पुढची सगळी वर्षं फिनेल. नवऱ्याचे पेशंट खोळंबले होते, त्यामुळे त्यांनी स्वतःच स्कूटर काढली. तोच आबा मागे चढून बसले.

"मी दिलं, मीच परत आणणार. शिस्त म्हणजे शिस्त."

"आबा, ती बाटली तरी खाली ठेवा!"

"गाडी मार तू."

बालवाडीच्या फाटकाशी बाईंनी दोघांना अडवलं. बाई तरुण होत्या, पण रोज चाळीस पोरं गप्प बसवून त्यांच्या आवाजाला धार आली होती.

"नारिंगी झाकण ना? जप्त केलंय."

"जप्त!"

"वर्गात नुसता गोंधळ. एकाला हवं, दुसऱ्याला हवं, तिसरी रडतेय. खेळायला सोडलं तरी अंगणात जायला कुणी तयार नाही. घसरगुंडी मोकळी आणि सगळी पोरं त्या झाकणाभोवती! असं मी आजवर पाहिलेलं नाही."

झाकणताईंना आयुष्यात कुणी इतकं गोड रागावलं नव्हतं. क्षणभर त्या कशासाठी आल्या तेच विसरल्या. आबांनी खाकरून आठवण करून दिली.

"ते आम्हाला परत द्या," आबा म्हणाले.

"आजोबा चालत नाहीत. जप्त केलेली वस्तू पालकांनाच मिळते, समज देऊन."

"मी आई आहे तिची," झाकणताई पुढे झाल्या.

"चालेल. शनिवारी या."

"शनिवारी?"

"वस्तू शनिवारीच परत मिळतात. नियम आहे."

"अहो बाई, ते माझं काम आहे! मी बनवलंय ते. आज दुपारी दाखवायचंय. नाही मिळालं तर माझं सगळं बुडालं हो!" झाकणताईंचा आवाज रडवेला झाला. आबांनी चटकन बाटली पुढे केली. "पाणी पी," म्हणाले, आणि पहिल्यांदाच अंगठा काढला.

बाई जरा विरघळल्या. "थांबा, मोठ्या बाईंना विचारून येते." त्या शिक्षकांच्या खोलीत गेल्या आणि गेल्या त्या गेल्याच.

झाकणताई एका बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसल्या. बराच वेळ गेला. आतून दबके आवाज येत होते. आधी त्यांनी लक्ष दिलं नाही. मग कुणीतरी किंचाळलं, "हात लावू नका, अजून फिरतंय!" आणि दुसरा भारदस्त आवाज आला, "आता माझी पाळी. मघापासून तुम्हीच घेताय."

झाकणताईंनी दार ढकललं. सगळ्या बाई टेबलाभोवती वाकल्या होत्या. मोठ्या बाई तर खुर्चीवर गुडघे टेकून, टेबलावर कोपरं रोवून बसल्या होत्या. झाकणताईंना बघताच त्यांनी टेबलावरच्या कशावर तरी झटकन तळहात ठेवला.

"मीटिंग चालू आहे," त्या म्हणाल्या.

"कसली?"

"जप्त वस्तूंची... तपासणी."

"असं होय! अशी तपासणी होते हे बाकीच्या पालकांना माहीतच नसेल. सांगायला हवं."

मोठ्या बाई लाल झाल्या. नियम काढणारं माणूस नियम वाकवायलाही हुशार असतं. त्यांनी झाकण पाकिटात घातलं, वर बुटकीचं नाव लिहिलं, चिकटपट्टी लावली आणि पाकीट पुढे केलं. "अपवाद म्हणून हं. पण समज द्यावीच लागेल. मुलीला सांगा, असली वस्तू पुन्हा शाळेत आणायची नाही."

"सांगते."

"आणि..." आवाज एकदम खाली आला, "ही कुठे मिळते?"

पण झाकणताई तोवर पळत सुटल्या होत्या. मोठ्या बाईंचं टेबल गुळगुळीत असेल, म्हणून तिथे फिरलं असेल, एवढंच त्यांच्या मनात आलं. वर्गाच्या खिडकीतून बुटकी ओरडली, "आई, केक सांडू नको!" कसला केक, हे विचारायला वेळच नव्हता.

आबांना घराच्या कोपऱ्यावर उतरवून त्या कारखान्यात पोचल्या, तर मीटिंग सुरू झालेली. साहेबांच्या हातात सपाट निळं झाकण. समोर रस कंपनीच्या खरेदीप्रमुख बाई, त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन गंभीर माणसं. त्यातला एक डोळे उघडे ठेवून झोपला होता.

"हे आमचं झाकण," साहेब सांगत होते. "उघडतं. आणि बंदही होतं."

"आणखी?" खरेदीप्रमुखांनी विचारलं.

साहेबांनी विचार केला. "निळं आहे."

झाकणताई धापा टाकत शेवटच्या खुर्चीवर बसल्या आणि टेबलाखाली पाकीट फाडलं. आत बघितलं मात्र, त्यांची पाचावर धारण बसली. झाकणाच्या वाटीत गुलाबी माती ठासून भरली होती. तीच ती, बालवाडीतली खेळायची माती. दांडीभोवती छोट्या छोट्या अंगठ्यांचे ठसे. म्हणजे हा केक, आणि दांडी ही मेणबत्ती! माती चांगली वाळून बसली होती. झाकणताईंनी केसातली पिन काढली आणि खरवडायला लागल्या. माती ढिम्म हलेना, उलट पिनच वाकली.

"तिकडे काय चाललंय?" खरेदीप्रमुखांनी मान वर केली. "ते नारिंगी काय आहे?"

साहेबांनी डोळ्यांनीच सांगितलं, लपवा. पण झाकणताईंना एकदम निळ्या झाकणाचा राग आला. फिनेलचा राग आला. झाकण घेऊन खेळत कोण बसतं म्हणणाऱ्या साहेबांचा तर फारच राग आला. वर्गभर पोरं, खोलीभर बाया, कोण कोण खेळत बसतं ते त्या आत्ताच बघून आल्या होत्या! त्या उठल्या, टेबलाच्या मधोमध गेल्या, दांडी चिमटीत धरली आणि मनात बुटकीचं नाव घेऊन झाकण फिरवलं.

फिरलं. दोन गिरक्या झाल्या, साहेबांनी डोळे मिटून घेतले. पण झाकण कलंडलं नाही. ते जागच्या जागी उभं राहिलं, सरळ, ताठ, आबांच्या पाठीसारखं. नारिंगी कडा आणि गुलाबी पोट मिसळून एकच रंग झाला. डोळे उघडे ठेवून झोपलेला माणूस खरोखरीचा जागा झाला. मग ते टेबलभर संथपणे फिरलं, कपाला वळसा घालून गेलं, निळ्या झाकणाला एक टिचकी मारून त्याला टेबलाखाली पाडलं, आणि तरीही फिरतच राहिलं.

"मी करून बघू?" खरेदीप्रमुख म्हणाल्या.

"मॅडम, नंतर मी," जागा झालेला माणूस म्हणाला.

सगळ्यांच्या दोन दोन पाळ्या झाल्या. मग खरेदीप्रमुखांनी झाकण डोळ्यांजवळ धरलं. "हे गुलाबी काय भरलंय?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. पण झाकणताईंच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला होता. टोकात दोष नव्हताच. पोट हलकं होतं!

"खरं सांगू? केक आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलीने केलाय, बाहुलीसाठी. मी काल संध्याकाळभर टोक घासत बसले आणि तिने एका सकाळीत खाली वजन घातलं. आता साच्यात झाकणाचा माथाच जाड करायचा. वजन आपोआप तिथे येईल, आणि बाटलीला बसायला आड काही येणार नाही."

खरेदीप्रमुख हसायला लागल्या त्या थांबेचनात. "आम्हाला हेच हवंय," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आणि त्या मुलीला आमच्याकडून रसाचं एक खोकं."

पाहुणे गेले. कारखानाभर बातमी पसरली, लोक येऊन झाकणताईंचे हात हलवून गेले. त्यांना आकाश ठेंगणं झालं होतं. घरी फोन केला तर आबांनी घेतला. सगळं ऐकून म्हणाले, "खेळण्यांनी मुलं बिघडतात, हे माझं मत कायम आहे." मग म्हणाले, "येताना ते झाकण घेऊन ये."

आणि तेव्हा झाकणताईंच्या लक्षात आलं, की साचा करणाऱ्याकडे पाठवायला नमुना हवाय आणि नमुना टेबलावर नाही. टेबलाखालीही नाही. तिथे फक्त निळं झाकण पडलं होतं, ते कुणी उचललंही नव्हतं. त्यांनी कचऱ्याच्या बादलीकडे एक नजर टाकली. पण सकाळची गोष्ट वेगळी होती, आज आता त्या बादली पालथी करणार नव्हत्या. त्या शांत उभ्या राहिल्या आणि कान दिला.

साहेबांच्या खोलीचं दार किंचित उघडं होतं. आतून बारीक आवाज येत होता, गर्रर्र. मग साहेबांचा दबका आवाज, "अरे, अरे, तिकडे नको!" दाराच्या फटीतून नारिंगी झाकण डौलात फिरत बाहेर आलं आणि झाकणताईंच्या चपलेला टेकून थांबलं. त्याच्यामागून साहेब आले. ते रांगत होते.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"तपासत होतो," साहेब म्हणाले.

झाकणताईंनी झाकण उचललं, टेबलावरचं एक कोरं पाकीट घेतलं, झाकण आत घातलं, वर साहेबांचं नाव लिहिलं आणि चिकटपट्टी लावली.

"जप्त," त्या म्हणाल्या. "शनिवारी मिळेल. पालकांना घेऊन या."

साहेब तसेच गुडघ्यांवर बसून होते. पाकिटावरची नजर न काढता त्यांनी हळूच विचारलं, "आई परगावी असते हो माझी. सासूबाई चालतील?"