विजेच्या ट्रकला नारळ

“पाचशे मैल म्हणजे काय गं! कोपऱ्यावर जाऊन दूध आणण्यासारखं आहे!” प्रल्हादने जेवता जेवता जाहीर केलं.

सुनेत्राने त्याला आमटी वाढली. पंधरा वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं, की प्रल्हाद एखाद्या गोष्टीला सोपी म्हणाला की ती आपल्याला निस्तरावी लागते.

गोष्ट तशी खरंच सोपी होती. सुनेत्राची धाकटी बहीण आश्लेषा बॉयसीला राहायची. तिला सातवा महिना लागला होता आणि ख्रिसमसच्या सुट्टीत, शनिवारी सकाळी अकरा वाजता तिचं डोहाळजेवण होतं. पुण्याहून आई येणार होती, पण तिला व्हिसाच्या मुलाखतीची तारीखच मिळाली मे महिन्यातली! तोवर बाळ पालथं पडायला लागलं असतं. आश्लेषा फोनवर रडली. “ताई, आईच्या जागी तूच. ओटी तूच भरायचीस. तू नाही आलीस तर मी कार्यक्रमच करणार नाही.” सुनेत्राने शब्द दिला होता. त्यांच्या बेलव्ह्यूहून बॉयसीला विमानाने दीड तास लागतो, तेव्हा यात अडचण यायला तशी जागाच नव्हती.

पण प्रल्हादने नुकताच विजेचा ट्रक घेतला होता ना!

प्रल्हाद रेडमंडच्या एका कंपनीत प्रोग्रॅम मॅनेजर होता. म्हणजे स्वतः काही न करता, बाकीच्यांनी काय आणि कधी करायचं ते ठरवायचं. हा माणूस घरी आला तरी तेच करायचा. ट्रक का घेतला, हे त्याला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. घरात ना शेत, ना गुरं. आतापर्यंत त्या ट्रकमधून वाहिलेलं सर्वांत जड सामान म्हणजे इंडियन ग्रोसरीतली तांदळाची गोणी. तरी मराठी मंडळाच्या दिवाळीत त्याने प्रत्येकाला पार्किंगमध्ये नेऊन तो दाखवला होता. लोक गुलाबजाम हातात घेऊन थंडीत कुडकुडत उभे होते.

“विमानाने जाऊ या ना,” सुनेत्रा म्हणाली.

“आणि झोपाळा?”

“कुठला झोपाळा?”

“आपला गॅरेजमधला लाकडी झोपाळा! डोहाळजेवणाला झोपाळा नको? केदारने विचारलं, मी म्हटलं आणतो. ट्रक कशासाठी आहे मग?”

केदार म्हणजे आश्लेषाचा नवरा. त्याला प्रल्हादचं कोण कौतुक! प्रल्हाददा म्हणेल ती पूर्व दिशा. दोघे फोनवर तासन्‌तास बॅटरीबद्दल बोलायचे, इतक्या हळुवारपणे की ऐकणाऱ्याला वाटावं, बाळंतपण ट्रकचंच आहे.

मग प्रल्हादने एक्सेल शीट बनवली. चौदा टॅब! चार्जिंगचा टॅब, खाण्याचा टॅब, हवामानाचा टॅब. नागपूरहून आलेल्या त्याच्या आईसाठी बाथरूमचा वेगळा टॅब, त्यात वेळा लिहिलेल्या. आईंनी तो पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

“बाबू, माह्या लघवीचं टाइमटेबल तू ठरवून राहिला का?”

“आई, प्रत्येक स्टॉप चार्जिंगशी अलाइन केलाय. आपण मध्ये कुठेही थांबणार नाही.”

“बाबा, इट लूझेस रेंज इन द कोल्ड,” तेरा वर्षांची अनया फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली. “लाइक, अ लॉट.”

“वीस टक्के बफर घेतलाय बेटा! फुल चार्जला तीनशे वीस मैल. पहिला स्टॉप याकिमा, एकशे चाळीस मैल. अर्धीसुद्धा बॅटरी लागणार नाही. प्लॅनिंग याला म्हणतात!”

शुक्रवारी सकाळी साडेपाचला ट्रक शंभर टक्के भरून ड्राइव्हवेत उभा होता. मागच्या हौद्यात झोपाळा. तो सोडवून आडवा ठेवू या, असं सुनेत्रा दोनदा म्हणाली. पण प्रल्हादने तो उभाच बांधला होता, आणि वर ताडपत्री गुंडाळली होती. ट्रकवर कुणीतरी शीड उभारल्यासारखं दिसत होतं. चौदा टॅबमध्ये वाऱ्याचा टॅब नव्हता.

आणि मग पूजा! नवीन गाडी, पहिलाच लांबचा प्रवास. पूजा तर हवीच.

“इंजिन दाखव,” आई कुंकवाची वाटी घेऊन म्हणाल्या.

प्रल्हादने बॉनेट उघडलं. आत दोन बॅगा आणि चिवड्याचा डबा होता.

“बाप्पा! इंजिन कुठं गेलं?”

“नसतंच आई. इलेक्ट्रिक आहे.”

“मग पूजा कशाची करू, चिवड्याची?”

प्रल्हादला अशा प्रश्नांना उत्तर नसणं अपमानास्पद वाटायचं. त्याने क्षणभर विचार केला आणि पुढच्या चाकाच्या वरची चार्जिंगची झडप दाखवली. “हे बघ. याचं तोंड इथं. वीज इथूनच खातो. पूजा इथं कर.”

आईंनी हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. प्रल्हादने पायरीवर नारळ फोडला आणि पाणी वाटीत धरलं. आई म्हणाल्या, फुलाने दोन थेंब शिंपड. पण दोन थेंबांत समाधान मानेल तो प्रल्हाद कसला! त्याने अख्खी वाटी झडपेवर ओतली. पाणी फटीतून आत गेलं.

“अरे, घाटात उणे दहा आहे. गोठेल ते,” सुनेत्रा म्हणाली.

“सुनेत्रा, हा ट्रक उणे तीसला टेस्ट केलाय!”

केला असेल. पण नारळ ओतून कुणी केला नव्हता.

स्नोक्वाल्मीच्या घाटात कुणाचा तरी ट्रेलर आडवा झाला आणि रस्ता दोन तास बंद पडला. बाहेर बर्फ, आत हीटर. प्रल्हाद स्क्रीनकडे बघत होता आणि टक्के डोळ्यांदेखत उतरत होते. शेवटी त्याने हीटर बंद केला.

“सगळ्यांनी गोधड्या घ्या. हे प्लॅनमध्ये होतं.”

“कुठल्या टॅबमध्ये?” सुनेत्राने विचारलं. प्रल्हादला ऐकू आलं नाही.

आई माकडटोपी, दोन स्वेटर आणि गोधडीत अशा गुरफटल्या होत्या की फक्त चष्मा दिसत होता. घाट उतरल्यावर वारा सुटला आणि झोपाळ्याने आपलं काम सुरू केलं. ताडपत्री फुगली, ट्रक मागे ओढल्यासारखा धापा टाकू लागला. एलन्सबर्ग आलं तेव्हा अडतीस टक्के उरले होते.

“इथं चार्जर आहे. थांबू या,” सुनेत्रा म्हणाली.

“प्लॅनमध्ये याकिमा आहे.”

“प्रल्हाद, अडतीस!”

“पॅनिक करू नकोस यार. एक स्टॉप बदलला की पुढचे सगळे बदलतात!”

याकिमापर्यंतचे चढ त्याने वारा अडावा म्हणून एका ट्रेलरच्या मागे लपत, ताशी पंचेचाळीस मैलांनी काढले. मागचे लोक हॉर्न देत होते. अनया सीटवर खाली सरकून बसली होती, ओळखीचं कुणी दिसेल म्हणून. चार्जरपाशी पोचले तेव्हा चार टक्के उरले होते आणि प्रल्हादचा चेहरा विजयी होता.

“बघितलंस? पोचलो की नाही?”

त्याने स्क्रीनवरचं बटण दाबलं. ‘झडप उघडत आहे,’ ट्रक म्हणाला. आतून घर्रर्र आवाज आला. झडप उघडली नाही. पुन्हा दाबलं. घर्रर्र. प्रल्हाद खाली उतरला. फटीत बर्फ होता. झेंडूच्या दोन पाकळ्या त्यात अगदी व्यवस्थित गोठल्या होत्या.

पुढचा पाऊण तास सुनेत्राने गोधडीतून तमाशा पाहिला. प्रल्हादने झडपेवर फुंकर मारली. क्रेडिट कार्डाने खरवडलं. कार्ड मोडलं. मग त्याला कल्पना सुचली आणि त्याने थर्मास उघडून सगळा चहा झडपेवर ओतला. घरी उकळून आणलेला, आलं-वेलदोड्याचा, दुधासाखरेचा चहा! झाकण सैल राहून थंडगार पडलेला तो चहा दोन मिनिटांत नारळपाण्यावर जाऊन बसला.

“बाबा, नाऊ इट हॅज मिल्क,” अनया म्हणाली.

“आता त्याले एक बिस्कीटही दे,” गोधडीतून आई म्हणाल्या.

सुनेत्राने हेअर ड्रायर काढून दिला. ट्रकच्या मागे प्लग होता, ‘चालतं पॉवरहाऊस’ म्हणून प्रल्हादने तो मंडळात शंभर जणांना दाखवला होता. ट्रक म्हणाला, बॅटरी कमी आहे, प्लग बंद केला आहे. शेवटी प्रल्हादने कंपनीला फोन लावला. स्पीकरवर एक बाई आली, अगदी गोड आवाजाची.

“सर, झडपेवर एखादा द्रव पदार्थ पडला होता का?”

“थोडंसं... कोकोनट वॉटर.”

“सर, ट्रकवर कोकोनट वॉटर कसं आलं?”

“आम्ही नारळ फोडला.”

“का, सर?”

“फॉर सेफ्टी.”

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. मग बाई म्हणाली, द्रव आत गेला असेल तर झडपेला हात लावू नका, टेक्निशियनने तपासल्याशिवाय चार्ज करू नका, ट्रक टो करावा लागेल. बेलव्ह्यूचं सेंटर सुट्टीमुळे बंद आहे, चालू असलेलं जवळचं सेंटर बॉयसीला. टो-ट्रक उद्या पहाटे निघेल.

“बॉयसीला!” प्रल्हाद फोन ठेवत आनंदाने म्हणाला. “म्हणजे जातोयच की आपण! उद्या दुपारपर्यंत पोचू!”

“ओटी उद्या सकाळी अकराला आहे,” सुनेत्रा म्हणाली.

“तासभर पुढे ढकलायला सांगू. केदार समजून घेईल.”

सुनेत्राच्या डोक्यात सकाळपासून जे साठलं होतं ते आता एकदम वर आलं. तिला भयंकर राग आला, आणि रागाहून जास्त रडू आलं. बॉयसीत तिची बहीण वाट बघत बसली होती आणि हा माणूस नारळपाण्यात अडकून टाइमटेबल सरकवत होता.

“अनया, ओटीची पिशवी काढ. माझी बॅगही.”

“कुठं निघालीस?”

“इथल्या एअरपोर्टवर भाड्याच्या गाड्या मिळतात. मी पेट्रोलची गाडी घेतेय.”

“हे प्लॅनमध्ये नाही!”

“तुझ्या प्लॅनमध्ये माझी बहीण तरी होती का रे?”

प्रल्हादने पुढच्या रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “पुढे डोंगर आहेत. बर्फात तू एकटी चालवणार?”

“एकटी नाही,” ट्रकचं दार उघडून आई गोधडीसकट उतरल्या. “मी येतो सुनेत्रासंग. माहे पाय गेले बाप्पा. तू बस याच्यापाशी, याले थंडी वाजन.”

आईंना शेजारी आणि अनयाला मागे बसवून सुनेत्राने साडेतीनशे मैल गाडी चालवली. हीटर पूर्ण सोडून! आई वाटेत त्यांना वाटेल तिथे, चार वेळा, बाथरूमला उतरल्या आणि प्रत्येक वेळी खूश होऊन परत आल्या. बॉयसीला दार उघडलं तेव्हा आश्लेषा पोट सांभाळत धावतच आली आणि बहिणीच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या. सुनेत्राला वाटलं, याकिमाला बसून राहिलो असतो तर आपण स्वतःला कधी माफ केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला सुनेत्राने ओटी भरली. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पदरात तांदूळ, खण, नारळ. पुण्याची आई व्हिडिओवर डोळे पुसत होती. झोपाळ्याचं कुणाचं काही अडलं नाही; केदारच्या टीव्हीसमोरच्या आरामखुर्चीला शेवंतीच्या माळा बांधल्या होत्या आणि आश्लेषा त्यात राणीसारखी बसली होती. मग तिच्यापुढे झाकलेल्या दोन वाट्या आल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. बायका ओरडत होत्या, ही उचल, ती उचल! आश्लेषाने हात पुढे केला आणि बाहेर बीप-बीप सुरू झालं.

सगळे पुरुष दाराकडे धावले. एक भलामोठा डिझेलचा टो-ट्रक उलटा येत होता. त्याच्या पाठीवर प्रल्हादचा ट्रक, ट्रकच्या पाठीवर उभा झोपाळा. प्रल्हाद ड्रायव्हरशेजारून खाली उतरला. दाढी वाढलेली, पण छाती फुगलेली.

“कसा झाला प्रवास?” केदारने विचारलं.

“एकदम स्मूथ!” प्रल्हाद म्हणाला. “एकही चार्जिंग स्टॉप नाही. आत जाऊन स्क्रीन बघ. बेलव्ह्यू ते बॉयसी, आणि अजून चार टक्के शिल्लक!”

बॉयसीची मंडळी ट्रकभोवती गोळा झाली. आत आरामखुर्चीत आश्लेषा पेढ्याची वाटी धरून एकटीच बसली होती. तिने पेढा खाऊन टाकला.

तासाभराने प्रल्हाद स्वयंपाकघरात आला. कुणी नाही हे बघून त्याने दार लोटलं.

“सुनेत्रा, त्या भाड्याच्या गाडीत चौथी सीट आहे ना?”

“आहे. का?”

“परत जाताना मी तुमच्याबरोबर येईन म्हणतो. आईला सोबत.”

“आणि ट्रक?”

“केदारकडे ठेवतोय. इथलं सेंटर शनिवार-रविवार बंद असतं, सोमवारी तो नेऊन देईल. त्याची जुनी गाडी कालच विकली त्याने, असाच ट्रक बुक केलाय. मी म्हटलं तोपर्यंत आपला वापर!”

सुनेत्राच्या हातातली पळी तशीच राहिली. “अरे, माझ्या बहिणीला सातवा लागलाय! तिला मध्येच काही झालं, हॉस्पिटलला न्यायची वेळ आली तर?”

प्रल्हादने तिच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी धीर देत.

“मी बघितलंय गं ते. हॉस्पिटल फक्त नऊ मैल आहे. चार टक्क्यांत आरामात जाईल!”